कोरडी काच

वायपर पुन्हा फिरले. काच उन्हाने तापलेली, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि वायपर आपले एका टोकाला जाऊन आले नि जागेवर निजले.

"सर्दी झालीये या गाडीला," शेजारच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "नाक पुसतेय."

स्टिअरिंगमागे ती हसली, पण आवाज न करता. तिची आठ महिन्यांची लेक भिंगरी मागच्या सीटवर रडून रडून नुकती झोपली होती, आणि त्या झोपेसाठी आज कुणाच्याही पाया पडायची तिची तयारी होती. अर्ध्या तासात गाड्यांची रांग जेमतेम दहा हात सरकली होती. पुढे पुलाचं काम, म्हणून एकच बाजू चालू. एकीकडे सिमेंटचे कठडे, दुसरीकडे उभे पत्रे, आणि बरोबर नाकासमोर एक चंदेरी टँकर.

वायपरच्या या खोडीची घरात सगळ्यांना सवय झाली होती. गेल्या महिन्यात पुढची काच बदलली, तेव्हापासून पाऊस ओळखून वायपर आपोआप चालू करणारा आरशामागचा सेन्सर बिनसला होता. झाडाची सावली पडली की त्याला पाऊस वाटायचा, समोरून दिवे चमकले की पाऊस. काचवाल्याने घाईघाईत चिकटवला असणार, असं नवऱ्याचं म्हणणं. रविवारी दाखवून आणतो म्हणाला होता. असे तीन रविवार गेले होते.

आज मात्र ते थांबेनात. आधी मिनिटाने एकदा, मग अर्ध्या मिनिटाने, मग लागोपाठ. एरवी कोरड्या काचेवर रबर करकरायचं, तसं आज करकरत नव्हतं. गुळगुळीत फिरत होतं. हे तिच्या कानांना कळलं होतं, पण तिचं सगळं मन मागच्या सीटवर होतं. भिंगरीच्या पापण्या हलत होत्या.

तिने नवऱ्याला फोन लावला आणि दबक्या आवाजात सांगितलं. तो कामात होता. म्हणाला, अगं, बंद कर की ते, दांडी खाली ओढ म्हणजे झालं, एवढ्यासाठी फोन कशाला. तिने दांडी खाली ओढली. वायपर गप्प झाले. सुटली बिचारी, सासूबाई पुटपुटल्या.

मग काचेवर ठिपके उमटायला लागले.

टाचणीच्या टोकाएवढे. एकमेकांना मिळून ओघळले, पाण्यापेक्षा जरा सावकाश. इतका वेळ वायपर तेच पुसत होते, आणि या दोघी त्यांना हसत होत्या. तिने मान उंचावून पाहिलं. टँकरच्या मागच्या झाकणाच्या कडेशी उन्हातली हवा थरथरत होती, तापल्या तव्यावर थरथरते तशी. खाली एक चौकोनी पाटी होती, चिखलाने माखलेली. चिखलातून ज्वाळेच्या चित्राचं लाल टोक तेवढं दिसत होतं.

सासूबाईंना उकडत होतं. जरा खरी हवा घेऊ म्हणत त्यांनी काचेच्या बटणाकडे बोट नेलं. तिने त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत कधी धरलं नव्हतं असं.

"आई, काच नका उघडू. उतरायचंय आपल्याला. आत्ता."

त्यांनी काचेकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं. चेहऱ्यावरची थट्टा उतरली. मग आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. त्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायचं तरी मध्ये एकदा टेकावं लागे.

"तू पोरीला घे आणि चालायला लाग," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी येतेच मागून."

"तुम्ही मागून येणार नाही. माहितीये मला."

तिने इंजिन बंद केलं. भिंगरीच्या सीटचा पट्टा ती दिवसातून दहादा सोडायची, पण आज बोटांना तो कसा सुटतो ते आठवेना. पोरगी जागी झाली आणि टाहो फोडून रडायला लागली. तिला खांद्यावर घेऊन तोंडावर दुपट्याचं टोक टाकलं, दुसऱ्या हाताने सासूबाईंना काखेत धरलं आणि ती मागे वळली. हवेत गोडसर वास होता, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. घशात जाऊन बसणारा.

एका बाजूला कठडे, दुसऱ्या बाजूला गाड्या. दोन गाड्यांच्या काचा तिने ठोठावल्या. आतल्यांनी तिच्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं, भीक मागतेय समजून हात जोडून पुढे जायची खूण केली. तिसऱ्या गाडीतल्या जाड्या गृहस्थाने काच चार बोटं खाली केली.

"अहो ताई, गाडी मध्येच टाकून कुठे निघालात? आमचं काय लोणचं घालायचं इथे?"

टँकर गळतोय, तिने सांगितलं. इंजिन बंद करा, उतरा, मागच्यांना सांगा. गृहस्थाने पुढे वाकून आपली काच नीट पाहिली. लख्ख होती. काही नाहीये, म्हणत त्याने बटण दाबलं, आणि काच वर चढत असतानाच त्याचे वायपर उठले, एकदा फिरले, खाली बसले. तो वायपरकडे बघत राहिला.

"चल," सासूबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

वारा टँकरकडून त्यांच्या पाठीवर येत होता. समोर वळणापर्यंत गाड्याच गाड्या, सगळ्यांच्या काचांवर ऊन. एक गाडी सोडून पुढचीचे वायपर हलले. मग तिच्याही पलीकडचीचे. मग जरा थांबून आणखी दूरच्या एकीचे, जिथवर पोचायला त्यांच्या चालीने अजून कितीतरी वेळ लागणार होता.