वाक्यात उपयोग

"'लुक आफ्टर'?" फोनवर कुलदीपनं विचारलं.

"नंतर पाहणं," राखी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

फोनमधून हसू आलं. एकट्याचं नव्हतं. म्हणजे नवऱ्यानं स्पीकर चालू ठेवला होता आणि खोलीतला दोस्तही मजा पाहत होता.

"अगं, 'सांभाळ करणं'!" कुलदीप म्हणाला. बंगलोरला गेल्यापासून त्याची बोलीही शहरी झाली होती. "लुक म्हणजे पाहणं, आफ्टर म्हणजे नंतर, असं जोडायचं नसतं. किती वेळा सांगू?"

राखीचे कान तापले. लग्नाचं तिसरं वर्ष सरत आलं होतं. "तिथं शेजारीपाजारी सगळे इंग्रजीच बोलतात; तुला जमलं की घेऊन जातो," असं सांगून गडी गेला तो गेलाच. दर रविवारी परीक्षा तेवढी घ्यायचा. जेवलीस का, हे एकदाही नाही. आणि ही बिचारी! चिखलीहून आणलेलं इंग्रजीचं पुस्तक घेऊन वावरभर फिरायची. मेथीला पाणी सोडताना 'टर्न ऑन', बंद करताना 'टर्न ऑफ'. म्हशीला 'कम बॅक'. उंद्रीसारख्या खेड्यात तिच्याशी इंग्रजी बोलणार कोण? सासू तर मराठीसुद्धा कामापुरतंच बोलायची. दिवसभरात स्वतःचा आवाज कानी पडायचा तो या पाठांतरातच, आणि तो ऐकून तिला उगीच भरून यायचं.

"ह्या दिवाळीले नेता ना मले?" तिनं विचारलं.

"अशा इंग्रजीवर? नंतर पाहू."

नंतर पाहू! तीन वर्षं हा माणूस दुसरं काय करत होता? मग तिचं उत्तर चुकलं कुठं?

"चल, शेवटचं. 'गिव्ह अप'?"

"नाद सोडून देणं."

"शाब्बास. वाक्यात उपयोग कर."

राखीनं पुस्तक मिटलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला नाही. "आय वेट फॉर यू थ्री इयर्स. नाऊ आय गिव्ह अप."

"अर्थ बरोबर. पण काळाचा घोळ आहे," कुलदीप मास्तरकीच्या सुरात म्हणाला. "होऊन गेलं असेल तर 'गेव्ह अप' म्हणायचं. नीट सांग, अजून चालू आहे की होऊन गेलं?"

"होऊन गेलं," राखी म्हणाली. "आत्ताच."