भरती उतरेपर्यंत

सासूबाई तिसऱ्याही फलकापाशी थांबल्या, तेव्हा सुनेच्या जिवाची नुसती घालमेल झाली. खारफुटीची मुळं चिखलातून वर का येतात, हे त्यांना अगदी आजच समजून घ्यायचं होतं. एरवी औषधाच्या बाटलीवरचंही न वाचणारी ही बाई.

या उद्यानात यायची टूमही त्यांचीच. सुनेने लगेच होकार दिला, कारण जे सांगायचं ते घरात सांगणं तिला जमत नव्हतं. नवऱ्याचं दुसरीकडे सूत जुळलं होतं. विचारलं की हात उगारायचा. घर सासूबाईंचं, तेव्हा जायचं तर हिनेच. ऑफिसजवळ एक खोली तिने बघून ठेवली होती. रविवारी निघणार होती. नवऱ्याला सोडायचं काही वाटत नव्हतं. या म्हातारीला सोडायचं मात्र जिवावर आलं होतं.

लाकडी पुलाखाली भरतीचं पाणी चढत होतं. खेकडे भराभर मुळांवर सरकत होते. मला जरा बोलायचंय, असं तिने दोनदा म्हणून पाहिलं. एकदा सासूबाईंना बगळा दिसला, एकदा तहान लागली. मग होडीची हौस आली. पाणी म्हटलं की नाक मुरडणाऱ्या सासूबाई होडीत जाऊन बसल्यासुद्धा, आणि तिथेही सारखा फोन बघत राहिल्या. लेकाच्या फोनची वाट बघत असणार, दुसरं काय. सून मनातल्या मनात चडफडली.

होडीतून उतरल्यावर तिने त्यांना बाकावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तुम्हाला सोडून जाताना फार वाईट वाटतंय, आई. पण मी आता त्या घरात नाही राहू शकत."

सासूबाई काही बोलणार तोच फोन वाजला. झालं का, बरं, एवढंच बोलून त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

"कोण होतं?"

"कुलूपवाला. दाराला नवीन कुलूप बसवलं म्हणाला."

सून दोन पावलं मागे सरली. म्हणजे यांना सगळं आधीच कळलं होतं. तिला घराबाहेर काढायलाच हा फिरायचा घाट घातला होता. तिचे कपडे, कागदपत्रं, सगळं त्या दाराआड राहिलं होतं.

"लेकाच्या बॅगा शेजारणीकडे ठेवायला सांगितल्यात," सासूबाई म्हणाल्या. "आणि किल्ल्या दोनच आहेत. एक तुझी, एक माझी."