उशिराचे सात मेमो

वेधशाळेतल्या निरीक्षक बाईंचं काम एकच: एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचं ग्रहण नेमकं किती वाजता लागतं, ते नोंदवायचं. गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा ते नऊ-दहा मिनिटं उशिरा लागलं आणि बाईंनी तसं लिहिलं, की साहेब खवळायचे. "उशीर ताऱ्यांना होत नाही, बाई, माणसांना होतो!" चार वर्षांत हलगर्जीपणाचे सात मेमो. प्रत्येकावर ग्रहणाची तारीख, उशिराची मिनिटं आणि साहेबांची सही.

आज साहेबांचा लेख छापून आला. एक न दिसणारा तिसरा तारा त्या जोडीला ओढतो, म्हणून ग्रहणाला उशीर होतो, हा म्हणे साहेबांचा शोध! पुरावा म्हणून सात ग्रहणांच्या तारखा. बाईंचं नाव औषधालाही नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक केबिनमध्ये जाऊन त्यांनी सातही मेमो टेबलावर आपटले. "तारखा जुळवून बघा, साहेब."

साहेबांनी एकेक तारीख लेखाशी ताडून बघितली. "बरं, चुकलं माझं. आत्ता फाडून टाकतो सगळे, मग तर झालं?"

"खबरदार हात लावलात तर!" बाईंनी कागद छातीशी धरले. "तो तारा आधी कोणाला सापडला, ते तुम्ही सात वेळा सही करून दिलंय."