एका टाचणीवर

मातेच्या केसांच्या टोपाला कसर लागली होती, हे ओब्दुलियालाही दिसत होतं. कानांच्या वर दोन ठिकाणी खालचं कापड उघडं पडलं होतं. तरी ती टोप मांडीवर घेऊन विंचरत बसली होती. केस अजून काळेभोर होते. तिच्या स्वतःच्या डोक्यावर आता कापसासारखे चार उरले होते.

चर्चचं दार आतून बंद होतं. ऑगस्टातला मातेचा सण, दुपारची वेळ. मातेला सजवताना आत फक्त बायका असायच्या. वेदीपुढे मातेची मूर्ती उभी होती, चेहरा आणि हात तेवढे कोरलेले, मधे नुसता काठ्यांचा सांगाडा. उंच खिडकीतलं पिवळं ऊन तिच्या उघड्या डोक्यावर येऊन थांबलं होतं. निशिगंधाचा वास इतका दाटला होता की बायका झोपेत बोलल्यासारख्या बोलत होत्या.

“मावशी, द्या आता तो इकडे,” अंपारो म्हणाली. यंदा नवा टोप तयार होता, तिच्या लेकीच्या केसांचा, मधाच्या रंगाचा.

“अजून एक वर्ष चालेल हा.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात.”

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. “आटपा गं बायांनो! पालखीचे खांदेकरी उन्हात वाळून चालले!” हा बाल्दोमेरो, चर्चचा घंटा वाजवणारा.

“माता अजून कपड्यांत नाही,” अंपारो ओरडली. “आत आलास तर आंधळा होशील!”

“बायकोही हेच सांगत आली. दिसतंय मला अजून!”

बायका हसल्या. ओब्दुलिया हसली नाही.

साठ वर्षांपूर्वी हे केस तिच्या पाठीवर होते. धाकटी बहीण कासिल्दा तापात डोळे मिटून पडली होती आणि डॉक्टर टोपी घालून निघून गेला होता. खाटेपाशी वाकून ओब्दुलिया पुटपुटली होती, ‘माते, माझे केस तुझ्या डोक्यावर राहतील तोवर हिचा श्वास राहू दे.’ पहाटे ताप उतरला. हे ती कधी कुणाजवळ बोलली नाही. नवस बोलून दाखवला की मोडतो, असं त्या गावात मानत. आता कासिल्दा घरी दाराशी खुर्चीत बसून असे. चार पायऱ्या चढायच्या तर दोनदा थांबे.

“जुन्याचं काय करणार?” ओब्दुलियानं विचारलं.

“पेटीत ठेवू. मातेच्या अंगाला लागलेलं कुणी टाकतं का?”

“पेटीत,” ओब्दुलिया म्हणाली.

अंपारो नवा टोप आणायला वळली. ओब्दुलियानं एप्रनच्या खिशातली कात्री काढली. एक बट कापली, मुठीत धरली आणि टोप देऊन टाकला.

मधाच्या रंगाचे केस मातेला शोभले. मग झगा चढला, निळा शेला चढला, आणि शेवटी डोक्यावरची जाळीची ओढणी. ओढणीची शेवटची टाचणी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईची, असा रिवाज होता. अंपारोनं स्टूल धरलं. ओब्दुलिया हळूहळू वर चढली. मातेच्या मानेमागे हात घालून तिनं काळी बट नव्या केसांखाली सरकवली आणि ओढणीसकट टाचली. तिथं आणखी एक टाचणी हवी होती. पण खालून सगळ्या बघत होत्या.

“झालं का, मावशी?”

“झालं.”

ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. दोघी बहिणी दाराशी बसल्या होत्या. कासिल्दा पंख्यानं वारा घेत होती.

“एलादियोचा पोरगा बघ, चार पावलं टाकतो नि घाम पुसतो,” ती म्हणाली. “त्याचा बाप एका हातानं पालखी उचलायचा.”

“एका हातानं तो फक्त बाटली उचलायचा.”

कासिल्दा हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. ओब्दुलिया तिच्याकडे बघत राहिली. तोवर संथ वाजणारा बँड अगदी जवळ आला. सज्ज्यांतून पाकळ्या पडू लागल्या. त्यांच्यातून माता पाण्यावरून यावी तशी आली, डुलत डुलत, कुणाकडेच न बघता, आणि पुढे गेली. आता तिची पाठ दिसत होती.

खळ्यांकडून वाऱ्याची एक झुळूक आली. जाळीची ओढणी उचलली गेली. मधाच्या रंगाच्या केसांखालून काळी बट घरंगळली आणि शेल्यावर लोंबू लागली.

ओब्दुलियानं इकडेतिकडे पाहिलं. गल्लीतले लोक छातीवर क्रूस काढत होते, पाकळ्या झेलत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं.

शेजारचा पंखा मात्र थांबला.

“दुसरी टाचणी लावायची होतीस गं,” कासिल्दा म्हणाली.

“कसली टाचणी?”

“माझे डोळे मिटलेले होते तेव्हा, कान नव्हते.” कासिल्दानं पंखा मिटून मांडीवर ठेवला. “साठ वर्षं माझा जीव टांगलाय तिथं, आणि तू एका टाचणीवर भागवलंस?”



कोपऱ्यावर पालखी थांबली. वळण्याआधी खांदेकरी तिथं मातेला झुलवतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कासिल्दानं बहिणीचा हात घट्ट धरला. बँड पुन्हा वाजू लागला, पालखी डावीकडे कलली, आणि दोघी श्वास रोखून त्या बटेकडे बघत राहिल्या.