शेजारच्या सीटचा ब्रेक

"मागच्या ॲक्सलला तडा गेलाय. बदलावाच लागेल," मेकॅनिक म्हणाला.

"वेल्डिंग मारून दे," आमच्या ड्रायव्हिंग क्लासचे मालक म्हणाले. "शिकाऊ माणसं दुसऱ्या गिअरच्या वर जातात कुठे?"

"त्यांच्या शेजारी मी बसते, साहेब! चाक निखळलं तर?"

"मॅडम, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक दिलाय ना? तो काय शोभेला आहे?"

चाकच नसेल तर ब्रेक कशाला लावू, तुमच्या जिभेला? हे ओठांवर आलं होतं.

वेल्डिंग झालं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत, शिकायला आलेल्या एका काकूंसोबत.

"काकू, आरसा बघा." मागच्या चाकातून कुरकुर.
"क्लच दाबा." कुरकुर.
"घाबरू नका, मी आहे ना." कुरकुर, कुरकुर.

सिग्नलला शेजारी आमच्या समोरच्या क्लासची गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर आमच्या मालकांची लेक!

"अगं, तू यांच्याकडे शिकतेस?"

"बाबांनीच घातलं, मॅडम. म्हणाले, आपल्या गाडीत अजिबात बसायचं नाही."

सिग्नल हिरवा झाला. काकूंनी क्लच सोडायला घेतला.



मी माझ्या पायाखालचा ब्रेक गच्च दाबला आणि म्हणाले, "काकू, उतरा."