तिसरा स्क्रू

"माका नको गो," म्हणत दशरथ घाडी शोरूमच्या दारातच थबकले. "मोबाईलात दिसता मा वेळ."

"बाबा, आत तर चला. बघायला काय जातंय?" श्रुतिकानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत नेलं.

घाटकोपरच्या मॉलमधलं ते स्विस घड्याळांचं दुकान. मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये अडतीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर म्हणून काम करून दशरथ गेल्याच शनिवारी निवृत्त झाले होते. बँकेत ऑफिसर झालेल्या लेकीनं ठरवलं होतं, बाबांना चावी द्यायचं, अस्सल यंत्राचं घड्याळ घ्यायचं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. आईनं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "असू दे ना एक भारी वस्तू त्यांच्या अंगावर."

काउंटरवरच्या लविना नावाच्या मुलीनं हातमोजे चढवून ट्रेमधलं एक घड्याळ पुढे केलं. तबकडीकडे दशरथनी नीट पाहिलंही नाही. मग लविनानं ते उलटं केलं. मागे काच होती आणि काचेखाली सगळं यंत्र उघडं. इवलाली चाकं, केसाएवढी स्प्रिंग, क्षणभरही न थांबणारं एक सोनेरी चक्र.

दशरथ वाकले. "भिंग आहे काय?"

भिंग डोळ्याला लागलं आणि माणूस तिथून हललाच नाही. बोट काचेला न टेकवता ते लेकीला दाखवू लागले. "ह्या पट्टीची कड बघ. हातान घासलेली आसा. आणि ही खालची, अर्धी झाकलेली. ती कोण बघतलो? तरी घासलेली आसा."

बाबा एवढं सलग बोलतात हे श्रुतिकाला नवीन होतं. ती खूश होतेय तोच त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घड्याळ उजेडाकडे कलतं धरलं, पुन्हा पाहिलं.

"पोरी," ते लविनाला म्हणाले, "हे घड्याळ कुणीतरी खोललंय."

"नाही काका, नवीन पीस आहे. सीलबंद येतो."

"सील असेल. पण हा तिसरा स्क्रू बघ. बाकीच्यांची खाच कशी आरशासारखी आहे. ह्याच्या खाचेला बारीक धार निघालीय. स्क्रूड्रायव्हर घसरलाय कुणाचातरी."

शेजारच्या काउंटरवरचं जोडपं वळून बघायला लागलं. श्रुतिकाचे कान तापले. "बाबा, जाऊ दे ना," ती पुटपुटली. "दुसरं बघू."

"जाऊ दे कसा? असो खराब पार्ट मी जन्मात फुडे सोडूक नाय."

लविनानं मॅनेजरला बोलावलं. ट्रेव्हर नावाचा तो सुटातला माणूस हसत आला. त्यानं स्वतःचं भिंग लावलं. हसू गेलं. त्यानं पुन्हा पाहिलं आणि घड्याळ घेऊन आत गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. श्रुतिका दाराकडे बघत होती. बाबांचं काही चुकलं असेल तर? उगाच आणलं त्यांना इथं. दशरथ मात्र गुडघ्यांवर हात ठेवून निवांत बसले होते. नखांच्या कडेची काळी रेघ निवृत्त होऊनही गेली नव्हती.

ट्रेव्हर परत आला तो काउंटरला वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "सॉरी, काका. तुमचं बरोबर आहे. हा डिस्प्लेचा पीस, सर्व्हिसला जाऊन आलेला. चुकून नव्या मालात मिसळला. आम्ही तिघांनी चेक केला होता, एकालाही दिसलं नाही." मग त्यानं विचारलं, "तुम्ही घड्याळांच्याच लाइनमध्ये होता का?"

"नाय ओ. लेथवर. पंपाचे पार्ट करायचो. एकदा आत बसले की परत कुणाला दिसत नाहीत."

तक्रार नव्हती. जसं होतं तसं सांगितलं.

ट्रेव्हरनं दुसरं घड्याळ आणून त्यांच्यासमोर सील तोडलं. दशरथनी एकेक स्क्रू, एकेक कड बघितली. कुणी घाई केली नाही. शेजारचा गृहस्थ जवळ सरकला आणि ओशाळून म्हणाला, "काका, आमचंपण बघता का एकदा?" त्यांनी तेही तितक्याच मन लावून बघितलं आणि मान हलवली, बरं आहे म्हणून.

मग आपलं घड्याळ कानाशी धरलं.

"झकास," ते म्हणाले. "खयचे कोण असतीत ते, पण कामगार लोक चांगले."

"घेऊया मग?"

दशरथनी नको म्हटलं नाही. मनगट पुढे केलं.

लविनानं फॉर्म काढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिला. "काकांचा व्यवसाय? रिटायर्ड टाकू?"

श्रुतिकानं त्या रकान्याकडे पाहिलं. शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रत्येक फॉर्मवर, 'वडिलांचा व्यवसाय' असं जिथं जिथं होतं तिथं तिनं 'सर्व्हिस' लिहिलं होतं. वर्गात कुणाचे वडील मंत्रालयात होते, कुणाचे विमा कंपनीत. सर्व्हिस म्हणजे कसली, हे कुणी विचारत नाही, एवढं तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

"पेन दे जरा," ती म्हणाली.

दशरथ घड्याळाला चावी देण्यात गुंग होते. श्रुतिकानं फॉर्म आपल्याकडे ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, टर्नर. अक्षरं रकान्याच्या बाहेर गेली.