गाडीचा मान

वैजयंताबाईंची जुनी घेतलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी खरखरू लागली. बारापर्यंत वरच्या शाळेत हजर झालं नाही, तर मुख्याध्यापिकेची खुर्ची दुसरं कुणीतरी बळकावणार होतं. नवरा दिगंबर शेजारी पेंगत होता.

तिथल्याच गॅरेजातल्या रज्जाक मिस्त्रीने बॉनेटला कान लावला. इंजिनांना माणसांचं बोलणं कळू लागल्यापासून त्याने पाना क्वचितच उचलला होता.

"आधी कुणाची?"

"एका आजींची."

"मग त्या हिला 'अहो' म्हणत असणार. तुम्ही?"

"चल गं म्हणते."

"तिथंच बिनसलंय, ताई. मान द्या."

बाई बॉनेटकडे वाकल्या. "अहो, निघायचं ना?"

इंजिन लोण्यासारखं फिरू लागलं. पावणेबाराला बाई शाळेच्या फाटकाशी उतरल्या. दिगंबर मात्र जागचा हलेना.

"वीस वर्षं झाली," तो म्हणाला, "मलाही एकदा म्हण, मग उतरतो."